पार्श्वभूमी : तांत्रिक देखावा कशाला म्हणायचे?

कोल्हापूरच्या गणेशोत्सवात ‘तांत्रिक देखावा’ या एका शब्दात सध्या तीन गोष्टी कोंबल्या जातात : मोटरीवर हलणाऱ्या मूर्ती, भाड्याची एलईडी वॉल आणि त्या वॉलसाठी एआयकडून करून घेतलेली चित्रफीत. शहरातल्या राजारामपुरी भागात हा शब्द रुळला तो पहिल्या अर्थाने. तिन्ही एकाच पंगतीत बसवायचे का, यावरून वाद आहे.

परके यंत्र बघून घरी तसे घडवायची इथली खोड जुनी. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी सिनेमाचा कॅमेरा बनवायला घेतला. थोरला १९१६ मध्ये गेला, धाकट्याने तो १९१८ मध्ये पुरा केला. एवढे पुरे.

देखाव्याचा जीव म्हणजे मोडीतल्या गाडीची १२ व्होल्टची वायपर मोटर. आतल्या वर्म गिअरमुळे (मोटर चाक फिरवते, पण चाक मोटरीला उलटे फिरवू शकत नाही असा दातेरी जोड) लाईट गेली तरी उचललेला हात खाली पडत नाही. क्रँकची, म्हणजे मोटरीच्या आसावर फिरणाऱ्या पट्टीची, पिन मध्यापासून २ इंचांवर लावली की ४ इंचांची हालचाल मिळते. वेग मात्र जास्त, मंद गतीलाही मिनिटाला ४० ते ५० फेरे. व्होल्टेज उतरवले तर जोरही उतरतो आणि हात आडवा झाला की मोटर अडते. म्हणून हात प्लास्टरऐवजी थर्माकोलचा करायचा, खांद्यामागे वजन बांधून तोल साधायचा. वायपर बंद केल्यावर काचेच्या कडेला जाऊन थांबतो, ती सोय करणारी पार्किंगची तार बरेचजण कापून टाकतात. मग मूर्ती दर खेळाला वेगळ्याच जागेवरून सुरू होते आणि संवाद एकीकडे, हात दुसरीकडे.

सगळ्यात फसवणारी गोष्ट अर्थिंगची. अनेक वायपर मोटरींची ऋण बाजू बॉडीलाच जोडलेली असते. दोन मोटरी एकाच लोखंडी अँगलवर बसवल्या आणि एक उलटी फिरवायला तिच्या तारा अदलाबदल केल्या, की अँगलमधूनच शॉर्ट. मध्ये लाकूड आणि बोल्टला रबरी बुश, हा उपाय.

हालचालींचा क्रम पूर्वी पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेला फिरता लाकडी रूळ सांभाळायचा : पट्टी तारेला टेकली की मोटर सुरू. ठिणग्यांनी पट्ट्या जळायच्या. २००५ मध्ये इटलीत अर्डुइनो हा प्रोग्रॅम भरून असा क्रम सांभाळता येणारा छोटा बोर्ड निघाला, आराखडा सर्वांना खुला. पण मोटरीच्या ब्रशची विद्युत खरखर त्याला रीसेट करते, म्हणजे क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मोटरीच्या दोन टोकांत ती खरखर शोषणारा १०४ नंबरचा कपॅसिटर आणि बोर्डाला वेगळा सप्लाय, हे आधीच करावे. आठ मोटरी एकदम सुरू केल्या तर ३० अँपिअरचा सप्लायही कोलमडतो; अर्ध्या अर्ध्या सेकंदाने सोडाव्यात.

वॉलवाल्यांचे म्हणणे खोटे नाही : दोन महिने राबायला पोरे मिळत नाहीत, वॉल एका दिवसात उभी राहते. पण तिचे एक पॅनल काळे पडले तर ऑपरेटर येईपर्यंत मंडळाने हात बांधून बसायचे, आणि विसर्जनानंतर ती गोदामात परत. तंत्र मंडळाकडे काय उरले? मोटर निदान पुढल्या वर्षी दुसऱ्या मूर्तीला लागते.

खुल्या बोर्डाचेही आता वेगळे वळण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका अमेरिकी चिप कंपनीने अर्डुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केले. जुन्या बोर्डांचे आराखडे आधीच खुले झालेले, त्यामुळे बाजारातल्या स्वस्त नकला चालतच राहतील.