परड्यातला परळ : माणदेशी उन्हात पाखरांचं पाणी

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, त्याच सातारा जिल्ह्यातल्या दहिवडीच्या वाट्याला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. माण, खटाव आणि सांगलीकडचे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे सगळे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले. इथल्या घरामागच्या परड्यात पाखरं यावीत म्हणून बहुतेक जण मूठभर दाणे टाकून सुरुवात करतात. होळीनंतर हा क्रम उलटा हवा : आधी पाणी, मग झाडोरा, दाणे सगळ्यात शेवटी.

पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. त्यांच्या अंगाचं तापमान मुळातच ४० ते ४२ अंश असतं. बाहेरची हवा त्याच्या वर गेली, की अंगातल्या पाण्याची वाफ बाहेर सोडणं, मुख्यतः धापा टाकून श्वासावाटे, हाच उपाय उरतो. दुपारी दोनच्या सुमारास कडुनिंबाखालची साळुंकी पाहा : चोच उघडी, पंख अंगापासून सुटे. कबुतराच्या जातीचा होला तर गळ्याची कातडी थरथरवतो. ही वाफ म्हणजे अंगातलंच पाणी, ते भरून काढावं लागतं. शिंजिराला ते मधातून मिळतं, वेड्या राघूला आणि कोतवालाला किड्यांतून. पण वाळल्या बाजरीत पाणी असतं जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून पाण्यावर पहिली गर्दी होते ती होले, चिमण्या आणि मुनियांची. नुसते दाणे टाकणं म्हणजे तहानलेल्या पाहुण्यापुढे फुटाणे ठेवणं.

पाण्यासाठी कुंभाराकडचा पसरट परळ, म्हणजे मातीचं उथळ ताट, सर्वांत उत्तम. व्यास ३० सेंटिमीटर, काठाशी पाणी बोटाच्या पेरापेक्षा कमी आणि मध्ये फार तर ५ सेंटिमीटर. बादली, टोपलं, खोल कुंडी नको. चिमणीचे पाय आखूड असतात आणि भिजलेल्या पंखांनी तिला गुळगुळीत काठ चढता येत नाही. घरात खोलच भांडं असेल, तर त्यात खडबडीत दगड असे रचावेत की निदान दोन पाण्याच्या वर राहतील. माती पाझरते आणि माठासारखं पाणी गार राहतं. स्टीलची परात नको. उन्हात ती चटका देते.

पाणी किती लागेल? एप्रिलच्या उन्हात पातळी दिवसात सेंटिमीटरभर सहज उतरते. ३० सेंटिमीटर व्यासाच्या परळात एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ७०० मिलिलिटर. पाझर आणि अंघोळीचे शिंतोडे धरून रोज सव्वा ते दीड लिटर. टँकरच्या गावातही एवढं परवडतं; भाजी धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नाही.

थेंब पडताना दिसला किंवा ऐकू आला, की पाखरं थबकतात. त्यासाठी पाच लिटरचा कॅन फांदीला टांगून सलाईनची न वापरलेली नळी जोडावी आणि नळीवरच्या चकतीने सेकंदाला एक थेंब लावावा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर तासाला १८० मिलिलिटर होतात, म्हणजे कॅन सुमारे २८ तास पुरतो. डाळिंबाच्या ठिबकची लाईन परड्याला लागून असेल, तर तासाला दोन लिटर देणारा ड्रीपर सकाळी पाऊण तास चालवला तरी भागतं. मात्र लाईनमधून खत किंवा औषध सोडत असाल, तर ती अजिबात जोडू नये.

परळ ठेवायची जागा चुकली, की सगळं मुसळ केरात. झुडपाच्या पोटात ठेवला, तर मांजर दबा धरतं; पार उघड्यावर ठेवला, तर शिक्रा हा शिकारी पक्षी टिपतो. दाट झुडपापासून दोन-तीन मीटर, अर्धवट सावलीत, विटांच्या मीटरभर उंच खांबावर ठेवावा. होले आणि सातभाई बहुतेक जमिनीवरच वावरतात, त्यांच्यासाठी दुसरा परळ खाली. वर दाण्याची ताटली टांगली, तर विष्ठा आणि टरफलं पाण्यात पडतात. होले-पारव्यांच्या घशाचा संसर्ग असल्या पाण्यातूनही पसरतो.

दर दोन दिवसांनी पाणी ओतून देऊन नारळाच्या शेंडीने परळ घासावा आणि तासभर उन्हात पालथा घालावा. दोन परळ असले, की पाळी लावता येते. उन्हाळ्यात डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे या घासण्याने तोही प्रश्न मिटतो. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर लिंबाच्या सालीने सुटतो.

झाडोऱ्यात शोभेच्या झाडांपेक्षा काटेरी देशी झाडं कामाची : बोर, बाभूळ, हिवर, नेपती. काट्यांत मांजर शिरत नाही आणि बुलबुलाचं वाटीएवढं घरटं टिकतं. शिंजिरासाठी शेवगा पुरे. परड्यात फवारणी बंद ठेवावी. चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलांना पहिले दिवस अळ्याच भरवते.

दाणे दिवसाला ५० ग्रॅम, बाजरी किंवा राळा, संध्याकाळपर्यंत संपतील एवढेच. उरले तर उंदीर येतात, उंदरामागे साप. ज्वारीचं कणीस तारेने टांगलं, तर चिमण्या लटकून खातात आणि जड पारव्यांना ते जमत नाही. फरसाण, खारे शेंगदाणे, बुरशी आलेले शेंगदाणे आणि पेरणीतून उरलेलं औषध लावलेलं बियाणं कधीही घालू नये.

चिमणीच्या लाकडी पेटीला ३२ मिलिमीटरचं भोक पुरतं. त्याहून बरंच मोठं केलं, की साळुंकी हक्क सांगते. तळ १२ बाय १२ सेंटिमीटर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, उंची अडीच-तीन मीटर. भोकाखाली बसायला काडी लावायची हौस टाळावी. तिचा फायदा घरटं लुटणाऱ्याला होतो.

पाहायची वेळ सकाळी सात ते नऊ, पाच-सहा मीटरवरून, हालचाल न करता. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण सोयीची. होल्याकडे नीट बघा : चोच पाण्यात बुडवून तो एका दमात ओढून पितो. चिमणी घोटभर घेते, मान वर करते, गिळते, पुन्हा वाकते. सातभाईंची टोळी उतरली, की एखादा उंच फांदीवर पहाऱ्याला असतो. अंगणात मोटरसायकल असेल, तर आरशांवर पिशवी घाला. शिंजीर आणि चीरक आपल्याच प्रतिबिंबाशी तासन् तास भांडतात. ऑगस्ट-सप्टेंबरपासून मध्य आशियातून भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे येऊ लागतात आणि पुढे ज्वारीवर उतरतात. परड्याजवळ बाभूळ असेल, तर एखादा थवा तिच्यावर टेकतो.

पाण्याइतकीच धूळही लागते. कोपऱ्यात दोन फूट लांब-रुंद, चार बोटं खोल जागा उकरून तिच्यात चाळलेली माती आणि थोडी राख भरली, की चिमण्या पोटावर बसून पंखांनी माती उडवतात. पिसांतलं जादा तेल आणि उवा झडतात. चिमण्या धुळीत लोळल्या, की पाऊस येतो म्हणतात. इथे त्या जानेवारीतही लोळतात.