प्लग लावण्याआधी हे वाचा: जुनी ध्वनियंत्रं दुरुस्तीला देणाऱ्या ग्राहकांसाठी

स्पूल टेपरेकॉर्डर, व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचे) अ‍ॅम्प्लिफायर, स्टुडिओतले मिक्सर आणि मायक्रोफोन, रेडिओ केंद्रात वापरायचे टर्नटेबल अशी जुनी व्यावसायिक यंत्रं आम्ही दुरुस्त करतो. नवे होम थिएटर, ब्लूटूथ स्पीकर करत नाही. त्यासाठी फोन करू नये ही विनंती.

बाकी फोन साधारण एकाच वळणाचे असतात. "माळ्यावरून मशिन काढलं. चालू होतंय का म्हणून प्लग लावला. दिवा लागला, दहा मिनिटं छान वाजलंसुद्धा. मग वास आला. किती खर्च येईल?" खर्च किती, हे त्या दहा मिनिटांत आत काय काय गेलं यावर ठरतं. म्हणून हे पत्रक.

वीस-तीस वर्षं बंद असलेलं मशिन चांगलं आहे की नाही, हे प्लग लावून कळत नाही. दिवा लागला याचा अर्थ दिव्याला करंट पोहोचला, एवढाच.

आत काय होतं

पॉवर सप्लायमध्ये नळकांड्याच्या आकाराचे मोठे कंडेन्सर असतात. आत अ‍ॅल्युमिनियमची पातळ पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर ऑक्साइडचा अगदी बारीक थर असतो. तो थर हेच त्याचं इन्सुलेशन. मशिन वापरात असेपर्यंत मिळणारं व्होल्टेजच या थराची डागडुजी करत राहतं. वर्षानुवर्षं बंद राहिलं की थर विरत जातो. अशा कंडेन्सरला एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं, की जो प्रवाह अडायला हवा तो आतून वाहू लागतो. कंडेन्सर तापतो, आतलं द्रव उकळतं, टोपण फुगतं आणि फुटतं. एवढ्यावर निभावलं तर नशीब. नाहीतर शॉर्ट झालेला कंडेन्सर आधी रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा भाग, घेऊन जातो आणि त्यामागोमाग पॉवर ट्रान्सफॉर्मर.

कंडेन्सर बाजारात मिळतो. पुण्यात पासोड्या विठोबापाशी नाही मिळाला तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो, तिथेही नसेल तर बाहेरून मागवता येतो. ट्रान्सफॉर्मर तसा मिळत नाही. तो पुन्हा भरून घ्यावा लागतो. जुनं वाइंडिंग उलगडत वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, स्पीकरकडे आवाज नेणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असेल तर प्रायमरी-सेकंडरीचे थर एकमेकांत कसे बसवलेत ते कागदावर उतरवून घ्यायचं. हे काम मन लावून करणारे कारागीर आता मोजकेच राहिलेत आणि त्यांच्याकडे रांग असते. आठवड्याची दुरुस्ती महिन्यांवर जाते ती इथे.

"पण दहा मिनिटं वाजला होता," हा मुद्दा राहिला. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे आवाज नेणारे छोटे कंडेन्सर असतात, जुन्या सेटमध्ये बहुतेक कागदाचे. हवेतला ओलावा शिरून ते गळू लागतात. मग आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचं शे-दोनशे व्होल्ट हळूहळू आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर झिरपतं. ग्रिडला खरं तर निगेटिव्ह व्होल्टेज हवं असतं, त्यावरच व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरलेला असतो. तो लगाम सुटला की आउटपुट व्हॉल्व्हची, उदाहरणार्थ ईएल३४ ची, प्लेट आधी मंद, मग लालबुंद होते. आवाज मात्र बराच वेळ नीट येत राहतो! बाहेर भावगीत चालू असतं आणि आत व्हॉल्व्ह व आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही संपत असतात. जो अ‍ॅम्प्लिफायर मुकाट्याने बंद पडतो, तो आम्हाला जास्त आवडतो.

स्पूल मशिनची गोष्ट निराळी. रेव्हॉक्सचं १९६७ चं ए७७ आणि १९७७ चं बी७७ ही आमच्याकडे नेहमी येणारी मशिनं. दोन्ही दणकट. पण मेन्सच्या बाजूला त्यांत रीफा कंपनीचे कागदी कंडेन्सर असतात. पिवळसर, अर्धपारदर्शक चौकोनी ठोकळा. भिंगातून बघितलं तर त्यावर केसासारख्या चिरा दिसतात. त्या चिरांतून पावसाळ्याची दमट हवा आत जाऊन कागदात मुरते. प्लग लावल्यावर थोडा वेळ काही होत नाही. मग फट्कन आवाज येतो, खोलीभर पांढरा धूर आणि असा वास, की पडद्यांना दोन दिवस येत राहतो. तसं बघता मशिनचं फार नुकसान होत नाही. कंडेन्सर बदलला, काजळी साफ केली की झालं. पण घरातले इतके घाबरतात, की मशिन भंगारात द्यायची भाषा सुरू होते. देऊ नका. आमच्याकडे आणा.

फ्यूज

फ्यूज उडाला म्हणजे मशिनने स्वतःला वाचवलं. तिथे थांबलात तर निम्मी लढाई जिंकली. पण ओळखीचा कुणीतरी येतो, "फ्यूजच गेलाय फक्त" म्हणतो आणि ५०० मिलीअँपिअरच्या फ्यूजच्या जागी वायरमधली तांब्याची एक तार पिळून बसवतो. आम्ही झाकण उघडतो तेव्हा फ्यूज होल्डरमधली ती तार अगदी शाबूत असते आणि ट्रान्सफॉर्मरमधलं मेण वितळून चासीवर ओघळलेलं असतं. घरचा फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज हा त्यावरचा उपाय नव्हे.

"डिमरस्टॅट आमच्याकडेही आहे"

डिमरस्टॅट म्हणजे मेन्सचं व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारं साधन. हे सांगणारे ग्राहक माहितगार असतात, म्हणून थोडं सविस्तर. व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं की कंडेन्सरचा थर पुन्हा बसतो, हे खरंच. पण डिमरस्टॅट फिरवताना आत किती करंट गळतोय हे मोजत नसाल, तर ते नुसतं सावकाश जाळणं झालं. आम्ही शंभर वॉटचा बल्ब सिरीजमध्ये टाकतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि मशिन वाचतं. ज्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये रेक्टिफायरसुद्धा व्हॉल्व्हचाच असतो, उदाहरणार्थ जीझेड३४, तिथे डिमरस्टॅटचा उपयोग जवळजवळ शून्य. कमी व्होल्टेजला त्याचा फिलामेंट तापतच नाही, त्यामुळे कंडेन्सरपर्यंत काही पोहोचत नाही. आणि तापला की एकदम बरंचसं पोहोचतं. अशा वेळी आम्ही व्हॉल्व्ह काढून ठेवतो, बाहेरच्या सप्लायने रेझिस्टरमधून कंडेन्सर तासन्‌तास भरतो आणि गळती मोजत राहतो. गळती उतरली नाही तर कंडेन्सर बदलतो.

एक गोष्ट कळकळीने. या सेटमध्ये चारशे व्होल्ट डीसी सहज असतं आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतं. झाकण काढून हात घालू नका. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर किंवा भोंग्याचं युनिट जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका. सिग्नल आला की लोड नसलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी पडते आणि वाइंडिंग जातं.

प्लग लावून झालाच असेल तर तसं सांगा. आम्ही रागावत नाही. किती वेळ चालू होतं, वास आला का, फ्यूज कुणी बदलला, एवढं कळलं तरी आमचा तपासणीतला बराच वेळ वाचतो, पर्यायाने तुमचे पैसे.

परदेशातून आलेली मशिनं

अमेरिकेतून मुलाने किंवा भाच्याने आणलेलं मशिन ११७ व्होल्टचं असतं. मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो कशावर आहे ते आधी बघा. नसेल तर कन्व्हर्टर लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण कन्व्हर्टर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिकडे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ज्या टेपमशिनची किंवा टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरणारी असते, ते इथे सहापैकी पाच भाग वेगानेच फिरतं. काळी चारमध्ये गायलेलं पांढरी चारमध्ये ऐकू येतं, आणि गायकही जरा आजारी वाटतो. ग्राहक म्हणतात मशिन बिघडलं. ते बिघडलेलं नसतं, त्याला ५० हर्ट्झची पुली लागते. काही मॉडेलना ती मूळ कंपनीची मिळते, काहींना आम्ही लेथवर करून घेतो. ए७७ ला हा त्रास नाही, त्याचा वेग इलेक्ट्रॉनिक सर्किटने सांभाळलेला असतो.

घरातली टेप मशिनवर चढवू नका

मशिन चालतंय का हे बघायला लोक नेमकी आजोबांच्या मैफलीची एकुलती एक टेप लावतात. ब्रेक बिघडलेलं मशिन टेप ओढून तोडतं, नाहीतर ताणून दोरी करतं. स्पूल वेगळी आणा. ती उजेडासमोर धरा: गुंडाळलेल्या टेपमधून उजेड आरपार दिसला तर ती अ‍ॅसिटेटची, म्हणजे जुनी आणि ठिसूळ. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर घाई करा. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही टेप, त्यात स्टुडिओंत खूप चाललेली अँपेक्स ४५६ येते, ओलावा शोषून चिकट होतात. हेडवर तपकिरी लगदा साठतो आणि टेप किंचाळत थांबते. अशा टेप ५४ अंश सेल्सिअसच्या आसपास कित्येक तास शेकल्या की तात्पुरत्या वाजवण्याजोग्या होतात, तेवढ्यात त्यांची कॉपी करून घ्यायची. हे घरच्या ओव्हनमध्ये करू नका, आणि अ‍ॅसिटेटच्या टेपवर तर मुळीच नको. दोन्ही प्रकारच्या टेप डिजिटल करून देण्याची सोय आमच्याकडे आहे. दुरुस्तीला दिलेल्या मशिनवरच तुमच्या टेप उतरवून हव्या असतील तर मशिन देतानाच सांगा. हेड जुळवून झालेले असतात, त्यामुळे ते काम स्वस्तात पडतं.

मिक्सरच्या खरखरणाऱ्या फेडरवर (आवाजाच्या सरकत्या बटणावर) आणि व्हॉल्यूमवर डब्ल्यूडी-४० मारू नये. दोन दिवस गुळगुळीत वाटतं, मग आतलं मूळ ग्रीस धुऊन गेलेलं असतं आणि तेलकट थरावर धूळ बसते. चांगले स्टुडिओ फेडर यामुळे कायमचे जातात. बाहेरून फडक्याने पुसलंत तरी पुरे. आतली धूळ तशीच राहू द्या; कुठून काय गळलंय, कुठे तापलंय, हे आम्हाला तिच्यावरून कळतं.

आमच्या पद्धतीबद्दल

"कंडेन्सर तर वीस रुपयांचा, मग बिल एवढं कसं?" हाही ठरलेला प्रश्न. मेलेला एक कंडेन्सर बदलून मशिन चालू करून देणारे आहेत, आणि ते आमच्यापेक्षा स्वस्त आहेत. पण त्याच वयाचे, त्याच जागी तापलेले बाकीचे अकरा तसेच राहतात आणि पुढच्या दिवाळीत त्यातला एक जातो. म्हणून आम्ही पॉवर सप्लायमधले सगळे एकदम बदलतो, मगच पुढच्या कामाला हात घालतो. उलट, जे चांगलं आहे ते नवीन करण्याच्या भरीस पडत नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने व्हॉल्व्ह आजही टेस्टरवर खणखणीत निघतात. ते काढून महागडे आयात व्हॉल्व्ह घालायचा आग्रह कुणी केला तर जरा विचार करा. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून मशिनबरोबर परत देतो.

फोनवर आकडा सांगत नाही. तपासणी शुल्क आधी घेतो, काम दिलंत तर ते बिलातून वजा होतं. काम न दिल्यास मशिन आणि लेखी अहवाल घेऊन जा, दुसरीकडे दाखवा, हरकत नाही. बरेचजण परत येतात.

आणताना टर्नटेबलची थाळी आणि टोनआर्मचं वजन काढून वेगळं बांधा, स्पूल मशिन उभं न करता सपाट ठेवा, निघालेली बटणं-स्क्रू एका डबीत घालून आणा. रिक्षात मांडीवर घेऊन बसलात तरी चालेल, दुचाकीवर नको.

मंडळांसाठी: श्रावणात आणलेला अ‍ॅम्प्लिफायर गणपतीपर्यंत मिळेल असं आम्ही कबूल करू शकत नाही. आषाढी एकादशीच्या आत आणा. विसर्जनानंतर आणलात तर आणखी चांगलं, तेव्हा आम्हाला वेळ असतो आणि दरातही थोडं बघता येतं. वॉरंटी सहा महिन्यांची. फ्यूजच्या जागी तार आढळल्यास लागू नाही.