एफई 410 म्हणजे ई 410 नव्हे: उच्च ताकदीच्या स्ट्रक्चरल पोलादाची पार्श्वभूमी

आयएस 2062 हे स्ट्रक्चरल, म्हणजे पूल-इमारतींच्या सांगाड्यात वापरल्या जाणाऱ्या पोलादाचे भारतीय प्रमाणक 2006 साली नव्याने निघाले आणि ड्रॉइंगवरचे ‘एफई 410’ हे पोलाद ‘ई 250’ झाले. पोलाद तेच राहिले, फक्त नावातला आकडा दुसरी गोष्ट सांगू लागला. पूर्वी तो तुटण्याआधी पेललेला कमाल ताण सांगायचा. आता तो यील्ड सांगतो, म्हणजे पोलादाला कायमचा बाक येऊ लागतो तो ताण. त्याच प्रमाणकात ‘ई 410’ अशीही एक प्रत आहे. 20 मिमीपेक्षा कमी जाडीत तिचे यील्ड चौरस मिलिमीटरला 410 न्यूटन, तर जुन्या एफई 410चे 250. आकडा एकच, पण ताकदीत दीडपटीहून जास्त अंतर. भर म्हणजे काँक्रीटमधल्या सळीच्या ‘एफई 500’मधला आकडा यील्डचा असतो. एकाच साइटवर ‘एफई’ या अक्षरांचे दोन अर्थ वर्षानुवर्षे सुखाने नांदत होते.

उच्च ताकदीचे पोलाद आपल्याकडे मुळात जुने आहे. 1943 साली खुल्या झालेल्या हावडा पुलात सुमारे 26,500 टन पोलाद आहे. त्यातले बहुतांश जमशेदपूरचे आणि त्यासाठी ‘टिस्क्रोम’ नावाची उच्च ताकदीची प्रत वापरली गेली. हा पूल रिव्हेटचा, म्हणजे वेल्डिंगऐवजी खिळे ठोकून जोडलेला आहे. त्या पिढीत ताकद वाढवायची म्हणजे कार्बन, मँगेनीज, क्रोमियम वाढवायचे. रिव्हेट मारायला अशा पोलादाची हरकत नसते. वेल्डिंगमध्ये मात्र सांध्यालगतचा पट्टा झपाट्याने थंड होऊन कडक होतो आणि भेगाळतो. जर्मनीत एसटी 52 या पोलादाचे वेल्ड केलेले पूल तडकले, 1936 साली बर्लिनमध्ये आणि 1938 साली रूडर्सडॉर्फला, तेव्हा जाड प्लेट, वेल्डिंग आणि ठिसूळपणा यांचे नाते साऱ्या जगाला कळले.

या पेचातून सुटका केली ती बारीक कणांनी. 1958च्या सुमारास अमेरिकेत नायोबियम या धातूचा अंश घातलेले पोलाद बाजारात आले. शेकडा 0.02 ते 0.05 इतका नायोबियम रोलिंगच्या वेळी कार्बाइडच्या रूपात कणांच्या सीमा अडवून धरतो, त्यामुळे कण मोठे होत नाहीत. कण बारीक झाले की ताकद वाढते आणि चिवटपणाही वाढतो. पोलादाची ताकद वाढवण्याच्या इतर बहुतेक उपायांत चिवटपणा गमवावा लागतो, म्हणून हा शोध मोलाचा. साठ-सत्तरच्या दशकांत तेल-वायूच्या पाइपलाइनींनी त्याला मोठी बाजारपेठ दिली. अलास्कासारख्या गोठवणाऱ्या प्रदेशात वेल्डही होईल आणि थंडीत तडकणारही नाही, असे पोलाद तिथे हवेच होते.

आपल्याकडे तोवर पन्नास-साठच्या दशकांतली विभागणी चालू होती: साध्या कामाला आयएस 226, जाड वेल्डेड कामाला आयएस 2062, जास्त ताकदीला आयएस 961. वेल्ड होणाऱ्या मध्यम आणि उच्च ताकदीच्या पोलादासाठी 1977 साली आयएस 8500 आले. 1991च्या आवृत्तीत त्याच्या नावातच ‘मायक्रोअलॉइड’ (नायोबियमसारख्या धातूंचा सूक्ष्म अंश असलेले) हा शब्द बसला. माझ्या मते आपल्या प्रमाणकांनी या पोलादाला त्याच्या खऱ्या ओळखीने हाक मारली ती एवढीच पंधरा वर्षे. 1992 साली आयएस 226 हे 2062मध्ये विलीन झाले. 2006 साली 8500सुद्धा त्यातच गेले आणि तो शब्द शीर्षकातून गेला.

विलीनीकरणाच्या बाजूचा युक्तिवाद भक्कम होता. डिझायनरला यील्ड लागते, मग नाव यील्डवरूनच असावे. जगभर तसेच चालले होते. शिवाय एकच प्रमाणक हाताशी असले की खरेदी सोपी. यातला नावाचा मुद्दा पूर्ण पटतो. पण सगळे एका क्रमांकाखाली आणल्याने दोन नुकसाने झाली आणि त्यांची चर्चा फारशी होत नाही.

पहिले नुकसान खरेदीतले. ‘आयएस 2062’ एवढेच लिहिले की एमएस, म्हणजे साधे माइल्ड स्टील मिळणार, ही सवय पक्की होती. 2011च्या आवृत्तीत त्या एका क्रमांकाखाली ई 250 ते ई 650 अशा नऊ प्रती आल्या आणि आघात-चाचणीनुसार ए, बीआर, बी0, सी हे उपप्रकार. तरीही टेंडरमध्ये नुसते ‘आयएस 2062’ लिहिले जाते आणि साहजिकच सर्वांत स्वस्त ते येते.

दुसरे नुकसान मला जास्त गंभीर वाटते. नायोबियम, व्हॅनेडियम आणि टायटॅनियम मिळून शेकडा 0.25पेक्षा जास्त नको, असे प्रमाणक सांगते. ही वरची मर्यादा आहे. निदान इतके असलेच पाहिजे, असे तिथे नाही. आता ई 350 घ्या. कार्बन 0.20 आणि मँगेनीज 1.50 असलेल्या पोलादाचा कार्बन इक्विव्हॅलंट (वेल्ड करताना पोलाद किती कडक होईल याचा अंदाज देणारा आकडा), म्हणजे शॉपवरचा सीई, 0.20 अधिक 1.50 भागिले 6, एकूण 0.45 येतो. ई 350 बीआरची मर्यादा 0.47, त्यामुळे माल पास. दुसऱ्या गिरणीने कार्बन 0.08, मँगेनीज 1.30 आणि थोडा नायोबियम घेऊन तेवढेच यील्ड गाठले तर सीई जेमतेम 0.30. दोन्ही प्लेटींवर शिक्का एकच. पहिलीची जाड प्लेट वेल्ड करायची तर प्रीहीटचा, म्हणजे वेल्डआधी प्लेट तापवण्याचा विचार करावाच लागतो, दुसरीला बहुतेकदा गरज पडत नाही. आठ-दहा वेल्डरांचा छोटा फॅब्रिकेटर टेस्ट सर्टिफिकेटवरचा सीई वाचत नसेल, तर हा फरक त्याला भेग पडल्यावरच कळतो.

वापराच्या मर्यादाही याच ओघात सांगायला हव्यात, कारण ‘ताकद जास्त, टनेज कमी’ हे गणित सरसकट लागू पडत नाही. ई 250 असो वा ई 450, लवचिकतेचा गुणांक (पोलाद ताणाखाली किती वाकते-ताणले जाते ते ठरवणारा आकडा) चौरस मिलिमीटरला दोन लाख न्यूटनच. लांब तुळईचा बाक प्रतीमुळे कमी होत नाही. सडपातळ खांबाचे बकलिंगही, म्हणजे दाबाखाली बाजूला वाकणेही, जवळपास तसेच राहते. वेल्ड केलेल्या सांध्याचे फटीग-आयुष्यही, म्हणजे वारंवार येणाऱ्या भाराखाली टिकण्याचा काळही, यील्डबरोबर वाढत नाही, म्हणून रेल्वे पुलांत वाचवलेले टनेज अनेकदा परत घालावे लागते. ट्रान्समिशन टॉवरमध्ये ही समज छान दिसते. मुख्य पायांचे अँगल हाय टेन्साइल असतात. आतल्या आधाराच्या पट्ट्या एमएसच्या, कारण त्यांचा प्रश्न ताकदीपेक्षा सडपातळपणाचा असतो.

याच कुळातली दुसरी शाखा तांबे-क्रोमियमवाल्या, गंज रोखणाऱ्या पोलादाची. अमेरिकेत ते 1933 साली बाजारात आले आणि आधी रेल्वे वाघिणींत गेले. आपल्या वाघिणींसाठीचे आयआरएस एम-41 त्याच जातीचे. ओले-कोरडे होणाऱ्या हवेत त्यावर गंजाचाच घट्ट थर बसतो आणि पुढचा गंज मंदावतो. खाऱ्या हवेत तो थर टिकत नाही, त्यामुळे कोकण किनाऱ्यालगतच्या पुलाला रंग न देता हे पोलाद वापरणे चुकीचे ठरते. तिथे ई 350 घेतले काय किंवा हे घेतले काय, रंगाचा खर्च अंदाजपत्रकात धरावाच लागतो.