सेविचे

सेविचे हा कच्च्या माशाचे किंवा उकडलेल्या कोळंबीचे छोटे तुकडे लिंबाच्या रसात मुरवून केलेला, लॅटिन अमेरिकेच्या किनाऱ्यांवरचा थंडगार पदार्थ आहे. सोबत कांदा, मिरची, मीठ आणि कोथिंबीर असते. काही ठिकाणी त्यात आंबा, अननस किंवा संत्र्यासारखी फळेही पडतात. पेरू, इक्वेडोर, मेक्सिको या देशांत त्याची रूपे वेगवेगळी आहेत, पण तो खरा जिवाभावाचा आहे पेरूत. पेरू सरकारने २००४ मध्ये त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवले आणि तिथे २८ जून हा सेविचे दिन म्हणून पाळला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये सेविचे करण्या-खाण्याच्या पेरूतील परंपरेचा समावेश युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला.

आज लिंबाशिवाय सेविचेची कल्पनाच करता येत नाही, पण लिंबू मुळात अमेरिकेचे नाही. ते आशियाचे फळ; स्पॅनिश लोकांनी ते सोळाव्या शतकात तिकडे नेले. कांदाही त्यांच्याचबरोबर गेला. त्याआधी पेरूच्या किनाऱ्यावर तुंबो नावाच्या स्थानिक आंबट फळाच्या रसात मासे मुरवत असत, असे मानले जाते. मिरची मात्र अमेरिकेचीच. तीच पुढे पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. पदार्थाला आजचे रूप देण्यात जपानी स्थलांतरितांचाही वाटा मोठा आहे. १८९९ पासून जपानी कुटुंबे पेरूत स्थायिक होऊ लागली. पूर्वी मासे तासन्‌तास रसात ठेवत. ताज्या माशाची चव राखणाऱ्या जपानी हातांनी तो वेळ काही मिनिटांवर आणला.

लिंबाच्या रसातील आम्लामुळे माशातील प्रथिनांची घडी उलगडते आणि ती पुन्हा एकमेकांत गुंतून घट्ट होतात. उष्णतेनेही साधारण असेच होते, म्हणून अर्धपारदर्शक मांस पांढरे आणि टणक दिसू लागते. मासा ‘लिंबात शिजतो’ असे म्हणतात ते यामुळेच. दिसायला तो शिजलेला असला तरी जंतू आणि कृमींच्या दृष्टीने कच्चाच राहतो. सेविचे करणाऱ्याने हा फरक कधीही विसरू नये.

पेरूच्या लिमा शहरातील पद्धत साधी आहे. मासा ताजा आणि पांढऱ्या मांसाचा हवा. अर्धा किलो मासा असेल तर त्याचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करून आधी मीठ चोळतात, मग बारीक चिरलेली तिखट आही लिमो मिरची आणि कोथिंबीर घालतात. त्यावर दहा-बारा लहान लिंबांचा रस पडतो. लिंबे दाबून दाबून पिळायची नाहीत, कारण सालीचा कडवटपणा रसात उतरतो. आम्लाचा जोर आवरायला आणि सगळे गार राहायला बर्फाचे एक-दोन खडे टाकून ढवळतात. पातळ चिरलेला लाल कांदा गार पाण्यात धुऊन शेवटी घालतात. पाच-दहा मिनिटांत पदार्थ तयार. जास्त ठेवला तर मासा कोरडा आणि रबरासारखा होतो. तळाशी उरलेला पांढुरका, आंबट-तिखट रस ‘लेचे दे तिग्रे’ म्हणून वेगळा पितात. सोबत उकडलेले रताळे, मोठ्या दाण्यांचा मका आणि भाजलेले खारे मक्याचे दाणे असतात. रताळ्याचा गोडवा आंबटपणाला फार छान सावरतो.

गोड फळे घालायची तर क्रमाला महत्त्व आहे. ताज्या अननसात आणि कच्च्या पपईत प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात. मटण लवकर शिजावे म्हणून आपल्याकडे कच्च्या पपईचा तुकडा लावतात, तो याच कारणासाठी. ही फळे माशाबरोबर मुरत ठेवली तर मासा पिठूळ होतो. म्हणून अननस वाढायच्या क्षणी घालावा किंवा आधी उकळून गार करावा. उष्णतेने विकर निकामी होते. आंब्याची अशी अडचण नाही. मात्र पूर्ण पिकलेला हापूस रसात विरघळून जातो. पाडाला आलेला, घट्ट गराचा आंबाच चांगला. कोळंबीशी तर त्याची जोडी सुंदर जमते.

कोकणात माशाला आमसूल, कैरी, चिंच लावायची रीत जुनी आहे, पण मासा कच्चा खायची नाही. पेरूतील कोर्विना हा लोकप्रिय मासा आपल्या घोळीच्याच कुळातला, आणि तिथला लेंग्वादो आपल्या लेपासारखा चपटा. तेव्हा चवीच्या दृष्टीने इथले मासे सेविचेला चालतील. प्रश्न सुरक्षिततेचा आहे. बाजारातला मासा कच्चा खाण्यासाठी हाताळलेला नसतो. माशातील अनिसाकिससारखे कृमी लिंबाने मरत नाहीत. त्यासाठी मासा उणे २० अंश सेल्सिअसला किमान सात दिवस गोठवावा लागतो आणि घरच्या फ्रीजरमध्ये एवढी थंडी बहुधा नसते. गोठवल्याने सगळे जीवाणूही मरत नाहीत. बांगडा, सुरमई, टुना नीट बर्फात ठेवले नसतील तर त्यांत हिस्टामिन नावाचे बाधणारे द्रव्य साचते. त्याच्यावर लिंबाचा, गोठवण्याचा किंवा शिजवण्याचाही इलाज चालत नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चे सेविचे टाळावे.

घरी करायचे तर इक्वेडोरचा मार्ग उत्तम. तिथे कोळंबी आधी उकडून घेतात. सोललेली, दोरा काढलेली कोळंबी मिठाच्या उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटे, पूर्ण गुलाबी होऊन आतपर्यंत शिजेपर्यंत ठेवावी आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावी. मग लिंबाचा आणि संत्र्याचा रस, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर मिसळून तासभर फ्रीजमध्ये गार करावे; आंब्याच्या फोडी वाढताना घालाव्यात. इक्वेडोरमध्ये यासोबत कच्च्या केळ्याचे तळलेले काप आणि मक्याच्या लाह्या देतात.