थकीत कराची सवलत: सरसकट माफीपासून ऐपतीच्या हिशेबापर्यंत

इसवी सन 118 मध्ये रोममधल्या ट्रेजनच्या चौकात थकीत कराच्या नोंदींची जाहीर होळी झाली. सम्राट हेड्रियनने 90 कोटी सेस्टर्सची (सेस्टर्स म्हणजे रोमन नाणे) येणी सोडून दिली होती. नोंदच उरली नाही, तर उद्या कोणी अधिकारी जुनी बाकी उकरून काढू शकणार नाही, हा भरवसा लोकांना हवा होता.

माफीची कल्पना तेव्हाही जुनीच होती. बाबिलोनचा राजा अम्मीसादुका याने इसवी सनपूर्व सतराव्या शतकात काढलेल्या फर्मानाने शेतकरी आणि मेंढपाळ यांच्याकडची राजवाड्याची बाकी रद्द केली आणि वसुलीसाठी तगादा लावण्यास मनाई केली. रोझेटाचा दगड चित्रलिपीच्या उलगड्यासाठी प्रसिद्ध आहे, पण इसवी सनपूर्व 196 मधल्या त्या मजकुरात इजिप्तचा राजा पाचवा टॉलेमी याने प्रजेकडची थकबाकी सोडल्याचेही कोरलेले आहे. इजिप्तमध्ये त्या काळी बंडाळी माजली होती. तेव्हा या औदार्यामागे लोकांना शांत करण्याची निकडही होती.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक नकार. चौथ्या शतकात गॉलचा, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सचा, कारभार पाहणाऱ्या रोमन राज्यकर्त्या ज्युलियनने अखेरपर्यंत थकबाकी माफ केली नाही. इतिहासकार अमियानस मार्सेलिनस याने त्याचे कारण नोंदवले आहे. गरिबांकडून कर सुरुवातीलाच, कसलीही सूट न देता पुरता वसूल होतो, त्यामुळे मागाहून दिलेली माफी श्रीमंतांच्याच पदरात पडते. ज्युलियनने माफीऐवजी कराचा दरच उतरवला. तो आला तेव्हा दरडोई 25 सुवर्णनाणी मागितली जात होती, तो गेला तेव्हा 7. सरसकट माफीची घोषणा झाली की आजही पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: मुळात एवढे दिवस थकवणे परवडले कोणाला?

यावर उतारा म्हणजे प्रत्येक थकबाकीदाराची ऐपत स्वतंत्रपणे तपासणे. अमेरिकेत 1868 च्या कायद्याने महसूल खात्याला करदात्याशी तडजोड करण्याचा अधिकार दिला, पण खाते दीर्घकाळ हात आखडूनच राहिले. 1992 मध्ये धोरण बदलले. पूर्ण रक्कम वसूल होण्यासारखी नसेल, तर तडजोड हा वसुलीचाच एक रास्त मार्ग मानला जाऊ लागला. हिशेब साधारण असा: मालमत्ता विकून काय येईल ते धरायचे, घरखर्च वजा जाता पुढच्या काळात हाती काय उरेल ते त्यात मिळवायचे, आणि निदान तेवढी रक्कम भरायला सांगायची.

1997 मध्ये सिनेटच्या समितीपुढे वसुलीतल्या दंडेलीच्या तक्रारी उघडपणे मांडल्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी नवा कायदा झाला. जप्तीआधी 30 दिवसांची नोटीस आणि सुनावणीचा हक्क मिळाला. 10,000 डॉलरपर्यंतचा कर थकलेल्या, एरवी वेळेवर कर भरणाऱ्या माणसाला तीन वर्षांत हप्त्यांनी फेड करण्याची हमी मिळाली. जोडीदाराच्या लबाडीमुळे अडकलेल्यांसाठीची सवलतही वाढली.

मंदीनंतर, 2012 मध्ये, हिशेबाचे सूत्रच सैल झाले. तडजोडीची रक्कम पाच महिन्यांत चुकवणाऱ्याचे पुढच्या 48 महिन्यांचे शिल्लक उत्पन्न धरले जाई, ते 12 महिन्यांवर आले. महिन्याला 200 डॉलर उरत असतील, तर या उत्पन्नापोटी पूर्वी 9,600 डॉलर धरले जात, आता 2,400. संसार सावरायला एवढा फरक पुरेसा ठरतो.

या तडजोडीच्या नावावर ‘नाममात्र रकमेत कर मिटवून देतो’ अशा जाहिराती करणारे दलालही फोफावले. ऐपत न तपासताच ते आगाऊ शुल्क घेतात. पुढे अर्ज फेटाळला गेला की तेही पैसे बुडतात आणि मधल्या काळात व्याज चढतच राहते. आधीच गांजलेल्या माणसाची ही लूट संताप आणणारी आहे.

हातात पैसे नाहीत म्हणून अनेक जण विवरणपत्रच भरत नाहीत, आणि बाकी सर्वांत वेगाने फुगते ती इथे. अमेरिकी कायद्यात विवरणपत्र न भरल्याचा दंड थकीत कराच्या दरमहा 5 टक्के आहे, कमाल 25 टक्क्यांपर्यंत. विवरणपत्र भरूनही कर बाकी राहिला, तर दंड दरमहा अर्धा टक्काच लागतो. विवरणपत्र वेळेत भरलेले असेल आणि हप्ते मंजूर झाले, तर तोही पाव टक्क्यावर येतो.