जुळी कोकरं: सुंदरबनची गारोल ते फलटणची सुवर्णा

दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. घोंगड्यांना गिऱ्हाईक होतं, लोकरीला भाव होता, तोवर त्यात भागत होतं. लोकरीचा भाव पडला आणि धनगर कुटुंबाची मिळकत तीन-चार महिन्यांची कोकरं विकण्यावर आली. चराऊ रानं आटत असताना कळप वाढवणार कसा? तेवढ्याच मेंढ्यांकडून जास्त कोकरं घेणं, एवढीच वाट उरली.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने त्यासाठी सुंदरबनची गारोल मेंढी आणली. वजन जेमतेम पंधरा किलोच्या आत, पण जुळी नेहमीची, तिळीही होतात. या गुणाचा मोठा प्रवास आधीच झाला होता. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या, आणि तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांच्या जुळ्या-तिळ्यांचं मूळ त्यांच्यात असल्याचं मानलं जातं. त्यामागचा जनुकातला बदल, फेक-बी, २००१ मध्ये सापडला. गारोलमध्येही तोच निघाला.

त्याआधी कोणत्या मेंढ्यात हा गुण आहे हे ओळखायला त्याच्या लेकी विण्याची वाट पाहावी लागे. आता रक्ताच्या थेंबावरून कळतं. गारोलच्या संकराने अंग लहान होतं, म्हणून संकरित मेंढ्या पुन्हा पुन्हा दख्खनीशी जुळवल्या. दर पिढीत फक्त फेक-बी असलेली पिल्लं ठेवली. त्यातून ‘सुवर्णा’ उभी राहिली. जनुकाची एक प्रत असलेला नर साध्या मेंढ्यांवर सोडला, तर साधारण निम्म्या कोकरांत हा जनुक उतरतो. दोन्ही प्रती असलेला नर असेल तर सगळ्यांत. पण मेंढीतच दोन प्रती आल्या तर तिळी वाढतात, आणि तळ रोज हलवणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर तिसरं कोकरू जगवणं फार अवघड. एकच प्रत असलेली मेंढी मेंढपाळाला परवडते, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फसतं ते खाण्यात. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, आणि गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. त्या काळात पोटात जुळी असलेल्या मेंढीला चराईशिवाय रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक हवाच, मक्याचा भरडा आणि पेंड चालते. नाही दिला तर ती अंगची चरबी जाळते, खाणं सोडते, बसून राहते. कित्येकदा मेंढी आणि कोकरं दोन्ही हातची जातात. जगली तरी कास भरत नाही.

व्याल्यावर पहिल्या तासाभरात दोन्ही कोकरांच्या पोटात चीक गेला पाहिजे, नाळेला टिंक्चर आयोडीन लागलं पाहिजे. धाकटं कोकरू मागे पडतं, म्हणून आईसह दोन्ही कोकरं एक-दोन दिवस वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, वेगळी ठेवावीत. दूध कमी पडलं तर एकच कोकरू असलेली दुसरी मेंढी गाठून पाजावं, नाहीतर शेळीचं दूध बाटलीने द्यावं.