लो-नॉइज ऑप-अँप: मिलिव्होल्टपासून नॅनोव्होल्टपर्यंत

नुसता टेबलावर पडलेला एक किलोओहमचा रेझिस्टरही गप्प नसतो. खोलीच्या तापमानाला त्याच्या दोन टोकांमध्ये दर वर्गमूळ हर्ट्झमागे (नॉइज मोजायचं नेहमीचं माप) सुमारे ४ नॅनोव्होल्ट नॉइज, म्हणजे व्होल्टेजची आपोआप होणारी बारीक थरथर, असतो. बेल लॅब्जमध्ये जॉन्सनने तो मोजला आणि नायक्विस्टने १९२८ मध्ये त्याचं गणित मांडलं. मोजपट्टी तेव्हाच तयार झाली होती. ऑप-अँपने, म्हणजे बारीक सिग्नल वाढवणाऱ्या चिपने, तिच्याशी बरोबरी करायला मात्र अर्धं शतक गेलं.

सुरुवातीला दुखणंच वेगळं होतं. 'ऑपरेशनल अँप्लिफायर' (थोडक्यात ऑप-अँप) हे नाव रॅगाझिनी आणि सहकाऱ्यांच्या १९४७ च्या निबंधातलं. ऑपरेशन म्हणजे बेरीज, वजाबाकी, इंटिग्रेशन. अ‍ॅनालॉग संगणकातली ही कामं व्हॅक्यूम ट्यूब करत, आणि ट्यूब तापली की इनपुट शून्य असतानाही आउटपुट सरकत राही. आरसीए या अमेरिकन कंपनीच्या गोल्डबर्गने १९४९ मध्ये यावर चॉपर वापरला: डीसी सिग्नल तोडून एसी करायचा, वाढवायचा, पुन्हा डीसी करायचा. तोडायला चक्क थरथरणारा यांत्रिक स्विच असे.

१९६८ ची ७४१ ही ऑप-अँप चिप घराघरात पोचली, पण तिच्या साध्या प्रतीचा ऑफसेट, म्हणजे इनपुटवरची कायमची चूक, ६ मिलिव्होल्टपर्यंत जाऊ शकतो. तापमान मोजणारं के-टाइप थर्मोकपल अंशाला जेमतेम ४० मायक्रोव्होल्ट देतं, म्हणजे चूक दीडशे अंशांची! पॉट (बदलता रेझिस्टर) फिरवून ऑफसेट शून्यावर आणता येतो. ड्रिफ्ट, म्हणजे तापमानासोबत त्याचं सरकणं, तसाच राहतो.

इथून पुढची गोष्ट बरीचशी जॉर्ज एर्डी या एका माणसाची आहे. १९७५ च्या सुमारास पीएमआय या चिप कंपनीत त्याने ओपी-०७ हा ऑप-अँप केला. वेफरवरच (चिप कापण्याआधीच्या सिलिकॉनच्या चकतीवर) ऑफसेट मोजायचा आणि मोजून तेवढेच झेनर डायोड करंटच्या झटक्याने जाळून शॉर्ट करायचे. ऑफसेट काही डझन मायक्रोव्होल्टवर आला. मग ओपी-२७ मध्ये नॉइज, सुरुवातीच्याच मापात, ३ नॅनोव्होल्टवर, आणि पुढे लिनियर टेक्नॉलॉजीच्या एलटी१०२८ मध्ये ०.८५ वर! हा पन्नास ओहमच्या रेझिस्टरपेक्षाही कमी आहे. आता चिपपेक्षा बाहेरचे रेझिस्टरच जास्त आवाज करू लागले.

युक्ती साधी वाटते: इनपुट ट्रान्झिस्टर मोठे करायचे, त्यांतून जास्त करंट सोडायचा. पण मग बेस करंट (इनपुटला लागणारा करंट) वाढतो आणि त्याचा नॉइजही. एलटी१०२८ चा करंट नॉइज सुमारे १ पिकोअँपिअर; सोर्स, म्हणजे सिग्नल देणारा भाग, १०० किलोओहमचा असेल तर त्याचे १०० नॅनोव्होल्ट होतात, त्या रेझिस्टरचे स्वतःचे मात्र ४०. आकडा बघून महागडी चिप उचलणारे नेमके इथे फसतात. अशा जागी एफईटी इनपुटचा, म्हणजे इनपुटला जवळपास करंट न लागणारा, ऑप-अँपच बरा.

गंमत म्हणजे गोल्डबर्गचा चॉपरही परतला आहे. थरथरणाऱ्या पट्टीच्या जागी चिपमधलेच मॉस ट्रान्झिस्टरचे स्विच आले. डीसीजवळचा, म्हणजे अगदी कमी फ्रीक्वेन्सीचा, रेंगाळणारा नॉइज तो जवळपास पुसून टाकतो, बदल्यात स्विचिंगच्या फ्रीक्वेन्सीला स्वतःचा थोडा खडखडाट सोडतो.